एन्झाइम वाढलं, मग रोप सावरलं का? पानातली अँटिऑक्सिडंट एन्झाइम्स मोजायची आणि आकडे वाचायची कशी

‘ताण दिल्यावर एसओडी वाढलं, कॅटॅलेज वाढलं, म्हणून हा वाण सहनशील.’ (एसओडी आणि कॅटॅलेज ही पानातली अँटिऑक्सिडंट एन्झाइम्स.) वनस्पतींवरच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य वाचलेलं असतं आणि बहुतेकांनी लिहिलेलंही असतं. मीही लिहिलं आहे. वाक्य दरवेळी चुकीचंच असतं असं नाही, पण ते सिद्ध करायला जे करावं लागतं त्यातलं निम्मंही आपण सहसा करत नाही. ताप चढला म्हणजे शरीर लढतंय हे कळतं, जिंकतंय की हरतंय हे कळत नाही. तसंच इथेही आहे.

हा लेख पहिल्यांदाच हे प्रयोग करणाऱ्यांसाठी आहे. आधी रोप काय करतं ते पाहू, कारण ते डोक्यात नसेल तर पुढची प्रत्येक पायरी नुसती पाककृती ठरते.

रोप नेमकं काय करत असतं

पानावर ऊन पडतं, हरितलवकं ते पकडतात आणि त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन कार्बन डायऑक्साइडच्या कामी लागतात. पाणी कमी पडलं की पर्णरंध्रं मिटतात आणि आत येणारा कार्बन डायऑक्साइड घटतो. ऊन मात्र तेवढंच पडत राहतं. आता इलेक्ट्रॉनना जायला जागा हवी, आणि जवळ ऑक्सिजन हजर असतो. त्याला एक इलेक्ट्रॉन चिकटला की सुपरऑक्साइड तयार होतो. थंडीत गोष्ट तीच, कारण वेगळं: प्रकाश पकडण्याची क्रिया थंडीला फारशी जुमानत नाही, पण कार्बन पकडणारी एन्झाइम्स मंदावतात. शिवाय पर्णरंध्रं मिटलेली असताना प्रकाशश्वसन वाढतं आणि पेरॉक्सिझोम या पेशीतल्या छोट्या कप्प्यात थेट हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊ लागतो.

सुपरऑक्साइडचं काय करायचं, याचं उत्तर म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्युटेज, आपलं एसओडी. मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये हे काम एन्झाइमचं असल्याचं दाखवलं. एसओडी दोन सुपरऑक्साइड घेतं आणि एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन पेरॉक्साइड देतं. म्हणजे धोका संपत नाही, पुढच्या टेबलावर सरकतो. तिथे दोघं बसलेली असतात. कॅटॅलेज पेरॉक्सिझोममध्ये असतं. त्याचा वेग अफाट आणि त्याला इलेक्ट्रॉन देणारं दुसरं कुणी लागत नाही, पण पेरॉक्साइड भरपूर असेल तेव्हाच ते खरं रंगात येतं. अ‍ॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज, म्हणजे एपीएक्स, उलट स्वभावाचं. पेरॉक्साइड शंभर मायक्रोमोलरच्याही खाली असताना ते काम करतं, पण दर फेरीला अ‍ॅस्कॉर्बेट (म्हणजे क जीवनसत्त्व) खर्च करतं. तो खर्च भरून काढायला मोनोडिहायड्रोअ‍ॅस्कॉर्बेट रिडक्टेज, डिहायड्रोअ‍ॅस्कॉर्बेट रिडक्टेज आणि ग्लुटाथायोन रिडक्टेज (जीआर) लागतात. हरितलवकातल्या या चक्राची मांडणी फॉयर आणि हॅलिवेल यांनी १९७६ मध्ये केली. असादा यांचं नावही त्याला जोडलं जातं.

एक गोष्ट इथे अधोरेखित करतो. हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे सुपरऑक्साइड-पेरॉक्साइडच्या टोळीतला सगळ्यात घातक, त्याच्यावर वनस्पतीकडे एकही एन्झाइम नाही. तो जिथे जन्मतो तिथेच समोर येईल त्याला चावतो, एन्झाइमला वेळच देत नाही. म्हणून सगळी शर्थ असते ती तो जन्मालाच येऊ नये यासाठी. पेरॉक्साइड आणि मोकळं लोह किंवा तांबं एकत्र येऊ द्यायचं नाही. पेरॉक्साइड उपसत राहण्याची एवढी धडपड त्यासाठी असते.

पण सगळं पेरॉक्साइड उपसून टाकणंही रोपाला परवडत नाही, कारण तोच निरोप्याही आहे. पर्णरंध्रं मिटवण्याच्या अ‍ॅब्सिसिक आम्लाच्या आदेशात पेरॉक्साइडचा हात असतो. पेशीपटलावरची आरबीओएच एन्झाइम्स तर सुपरऑक्साइड मुद्दाम बनवतात. रोप पातळी शून्यावर आणत नाही, ती सांभाळतं.

ते कसं सांभाळतं? चार पातळ्यांवर. पहिली जनुकांची: तीव्र प्रकाश पडला की अरॅबिडॉप्सिस या प्रयोगातल्या नेहमीच्या रोपामध्ये एपीएक्स२ हे जनुक अर्ध्या तासाच्या आत चालू होतं आणि त्यात उष्णता-आघात घटकांचा वाटा असतो. दुसरी पातळी सूक्ष्म आरएनएची, आणि ती मला सगळ्यात मजेशीर वाटते. एमआयआर३९८ नावाचा छोटा आरएनए तांबं-जस्तवाल्या एसओडीचे निरोप, म्हणजे जनुकाकडून निघालेले एमआरएनए, कापून टाकतो. ऑक्सिडेटिव्ह ताण (सुपरऑक्साइड, पेरॉक्साइड यांचा अतिरेक) आला की हा कापणाराच कमी केला जातो आणि एसओडीचे निरोप साचतात. म्हणजे गाडीचा वेग ब्रेक सोडून वाढवला. मातीत तांबं कमी असेल तर नेमकं उलट: कापणारा वाढतो, तांबं-जस्तवालं एसओडी घटतं, वाचलेलं तांबं प्रकाशसंश्लेषणातल्या प्लास्टोसायनिनला मिळतं आणि हरितलवकातलं एसओडीचं काम लोहवाल्या प्रकाराकडे जातं. तिसरी पातळी धातूंचा पुरवठा आणि प्रथिनाची घडण, चौथी तयार प्रथिनावरचे रासायनिक बदल. उदाहरणार्थ, कॅटॅलेज प्रकाशात खराब होत राहतं आणि ते सतत नव्याने बनवावं लागतं.

याचा प्रयोगाशी संबंध काय? तुमच्या रोपांना सूक्ष्म अन्नद्रव्यं कमी पडत असतील तर एसओडीचा आकडा ताणापेक्षा खताबद्दलच जास्त बोलेल. आणि जनुकाचा निरोप वाढला म्हणून एन्झाइमची क्रियाशीलता वाढलीच असं धरून चालता येत नाही.

पायरी पहिली: प्रयोग आखणं

बहुतेक प्रयोग इथेच बिघडतात, आणि ते कळतं शेवटी, सगळे आकडे हातात आल्यावर.

पाण्याच्या ताणाचा प्रयोग असेल तर ‘सात दिवस पाणी बंद’ एवढं पुरत नाही. मोठ्या पानांचा वाण माती लवकर कोरडी करतो, छोटा वाण सावकाश. सातव्या दिवशी एक रोप होरपळलेलं असतं आणि दुसऱ्याला ताण म्हणजे काय हेही कळलेलं नसतं. मग दुसरं ‘सहनशील’ ठरतं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक वेळी पानातलं सापेक्ष जलप्रमाण मोजणं. पान तोडून लगेच वजन करा, मग काही तास पाण्यावर तरंगत ठेवून पूर्ण फुगल्यावर वजन करा, शेवटी ओव्हनमध्ये सुकवून वजन करा. ताज्या वजनातून सुकं वजा करा, फुगलेल्यातून सुकं वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागून शंभरने गुणा. दोन वाणांची तुलना करताना सारखे दिवस पाहण्याबरोबर सारखं जलप्रमाणही पाहा.

वेळ एकच ठेवू नका. किमान तीन टप्पे हवेत: ताण नुकताच लागला तेव्हा, मध्यावर, आणि पुन्हा पाणी दिल्यानंतर. बरीच एन्झाइम्स आधी चढतात आणि मग कोसळतात. तुम्ही चढावर मोजलंत की उतारावर, त्यावर निष्कर्ष पालटतो. सावरतानाचा नमुना लोक टाळतात. मला तो सगळ्यात बोलका वाटतो.

दिवसातली वेळही ठरवून घ्या. अरॅबिडॉप्सिसमध्ये कॅटॅलेजचं एक जनुक पहाटे जोरात असतं, दुसरं संध्याकाळी. नियंत्रण गटाची पानं सकाळी दहाला आणि ताणगटाची दुपारी दोनला तोडलीत, तर तुम्ही ताणाऐवजी घड्याळ मोजलंत. पान कुठलं घ्यायचं तेही आधीच ठरवा, म्हणजे शेंड्याकडून तिसरं पूर्ण उघडलेलं वगैरे. जुनं पान म्हातारपणानेही ऑक्सिडेटिव्ह ताणात असतं.

आणि पुनरावृत्ती. एकाच अर्कातून तीनदा वाचन घेतलं तर ती एकच पुनरावृत्ती, तीन नव्हेत. वेगळी कुंडी, वेगळं रोप, वेगळा अर्क, तेव्हा कुठे एक मोजायची. चार-पाच तरी ठेवा.

पायरी दुसरी: पान तोडणं आणि गोठवणं

पान तोडणं हाच एक ताण असतो. जखम झाल्याबरोबर पेशी पेरॉक्साइड बनवू लागतात. म्हणून तोडणं, वजन करणं आणि द्रव नायट्रोजनमध्ये टाकणं हे एका दमात व्हायला हवं. दोघं असाल तर एक तोडतो, दुसरा गोठवतो. फॉइलच्या पुड्यांवर नाव पेन्सिलने किंवा गोठणात न पुसणाऱ्या शाईने आधीच घालून ठेवा. नंतर उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवा. उणे २० वर बरीच एन्झाइम्स हळूहळू मरतात. द्रव नायट्रोजन हाताळताना खोली हवेशीर हवी, हातमोजे आणि चष्मा हवा, आणि झाकण घट्ट लावलेल्या नळीत तो कधीही अडकवू नका.

पायरी तिसरी: अर्क काढणं

अर्धा ग्रॅम पान. आधी थंड केलेल्या खलबत्त्यात द्रव नायट्रोजन घालून ते पिठासारखं बारीक कुटा. पूड वितळायच्या आत ५ मिली बर्फगार बफर घाला. बफर म्हणजे ५० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ७.०, त्यात १ मिलिमोलर ईडीटीए आणि १ ते २ टक्के पीव्हीपी. एसओडीसाठी पीएच ७.८ ठेवतात. पीव्हीपी फिनॉल पकडतं. पानात फिनॉल भरपूर असतील तर न विरघळणारं पीव्हीपीपी वापरा. अर्क कुटताना तपकिरी होऊ लागला तर समजा फिनॉल तुमची प्रथिनं खात आहेत. तो अर्क पुढे नेऊ नका, पीव्हीपीपी वाढवून पुन्हा काढा.

एपीएक्ससाठीच्या बफरमध्ये २ मिलिमोलर अ‍ॅस्कॉर्बेट हवंच, आणि ते त्याच दिवशी घातलेलं हवं. हरितलवकातलं एपीएक्स अ‍ॅस्कॉर्बेट संपलं की मिनिटभरही टिकत नाही. समोरचं पेरॉक्साइड त्यालाच मारून टाकतं. मी एकदा आठवडाभर आधी बनवलेलं बफर वापरून तीन आठवडे मोजत बसलो होतो. नियंत्रण गटात एपीएक्स थोडं, ताणगटात जवळजवळ शून्य. ‘ताणामुळे एपीएक्स नष्ट होतं’ असा परिच्छेदही लिहून झाला होता. बाटलीतलं अ‍ॅस्कॉर्बेट केव्हाच ऑक्सिडाइझ झालं होतं. ताणगटात पेरॉक्साइड जास्त, म्हणून तिथलं एन्झाइम खलबत्त्यातच आधी मेलं. रोपाचा काही दोष नव्हता.

एसओडीचा अर्क मात्र अ‍ॅस्कॉर्बेटशिवाय काढा. अ‍ॅस्कॉर्बेट एसओडीच्या चाचणीत स्वतःच ढवळाढवळ करतं. म्हणजे एकाच पुडीतून दोन अर्क. थोडं जास्त काम आहे, पण त्याला इलाज नाही.

मग ४ अंशावर १२,००० जी वेगाने १५ ते २० मिनिटं फिरवा. इथे ‘जी’ म्हणजे जी, मिनिटाला फेरे नव्हेत. फेऱ्यांचा वर्ग, गुणिले रोटरची त्रिज्या सेंटीमीटरमध्ये, गुणिले ०.००००१११८, असा हिशेब असतो. १२,००० फेऱ्यांवर ८ सेंमी त्रिज्येच्या रोटरमध्ये सुमारे १२,९०० जी मिळतात, तर ६ सेंमीच्या रोटरमध्ये जेमतेम ९,७००. वरचा स्वच्छ द्रव घ्या, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी मोजा. अर्क गोठवून उद्या मोजू असं एपीएक्स आणि कॅटॅलेजच्या बाबतीत करू नका.

पायरी चौथी: प्रथिनं

ब्रॅडफर्डची १९७६ ची पद्धत, ५९५ नॅनोमीटर, बीएसए या प्रमाण प्रथिनाचा मानक आलेख. ट्रायटनसारखं डिटर्जंट बफरमध्ये असेल तर रंग बिघडतो. मानक आलेखाचे नमुनेही त्याच अर्क-बफरमध्ये बनवा, एवढं पुरे.

पायरी पाचवी: चाचण्या

आधी एक सामाईक सूचना. कॅटॅलेज २४० आणि एपीएक्स २९० नॅनोमीटरवर मोजतात. दोन्ही अतिनील भागात येतात. काचेचं किंवा साधं प्लास्टिकचं क्युव्हेट तिथला प्रकाश स्वतःच गिळतं, म्हणून क्वार्ट्झ हवं.

कॅटॅलेज. एबी यांची १९८४ ची पद्धत सगळीकडे चालते. ५० मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ७.०, त्यात १० मिलिमोलर पेरॉक्साइड, आणि मग थोडा अर्क. २४० वरचं वाचन उतरत जातं, त्याचा पहिल्या मिनिटातला उतार घ्यायचा. सुरुवातीचं वाचन ०.४ च्या आसपास हवं. ते ०.२ आलं तर तुमची पेरॉक्साइडची बाटली जुनी झाली आहे, लेबलवर ३० टक्के लिहिलेलं असलं तरी. क्युव्हेटमध्ये बुडबुडे येऊन वाचन नाचू लागलं तर एन्झाइम जास्त झालं, अर्क पातळ करा. पेरॉक्साइडचं प्रमाण मात्र वाढवत नेऊ नका, जास्त पेरॉक्साइड कॅटॅलेजलाच मारतं.

एपीएक्स. नाकानो आणि असादा, १९८१. फॉस्फेट ५० मिलिमोलर, पीएच ७.०, अ‍ॅस्कॉर्बेट ०.५ मिलिमोलर, ईडीटीए ०.१, पेरॉक्साइड ०.१ मिलिमोलर. शेवटी पेरॉक्साइड घालून चाचणी सुरू करा. २९० नॅनोमीटरवर अ‍ॅस्कॉर्बेटचा प्रकाश-शोषण गुणांक २.८ प्रति मिलिमोलर प्रति सेंटीमीटर, म्हणजे सुरुवातीचं वाचन १.४ च्या जवळ यायला हवं. दोन ब्लँक लागतात: एक अर्काशिवाय, कारण पेरॉक्साइड अ‍ॅस्कॉर्बेटला थोडं आपणहून खातं, आणि एक पेरॉक्साइडशिवाय, कारण अर्कातलं दुसरं एखादं एन्झाइमही अ‍ॅस्कॉर्बेट खात असू शकतं. दोन्हींचा उतार वजा करा.

एसओडी. इथे जरा रेंगाळू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ याच चाचणीत होतो. ब्यूशां आणि फ्रिडोविच यांची १९७१ ची कल्पना अशी: उजेडात रायबोफ्लेव्हिन सुपरऑक्साइड बनवतं, सुपरऑक्साइड एनबीटी या रंगद्रव्याला निळं करतं, एसओडी ते निळेपण अडवतं. मिश्रणात फॉस्फेट ५० मिलिमोलर पीएच ७.८, मेथिओनिन १३ मिलिमोलर, एनबीटी ७५ मायक्रोमोलर, रायबोफ्लेव्हिन २ मायक्रोमोलर, ईडीटीए ०.१ मिलिमोलर. रायबोफ्लेव्हिन शेवटी, अंधुक उजेडात. मग सगळ्या नळ्या दिव्याखाली १० ते १५ मिनिटं, आणि ५६० नॅनोमीटरवर वाचन. नळ्या गोलाकार मांडा आणि सगळ्यांना सारखा उजेड मिळेल असं पाहा. रांगेत ठेवल्या तर टोकाच्या नळ्यांमधलं एसओडी आपोआप ‘वाढतं’! खात्री करायची असेल तर एकदा सगळ्या नळ्यांत अर्काविना मिश्रण भरून वाचून पाहा.

एक युनिट म्हणजे निळेपण निम्म्यावर आणणारं एन्झाइम. अडथळ्याची टक्केवारी आणि अर्काचं प्रमाण यांचं नातं सरळ रेषेचं नाही. एकाच प्रमाणाचं वाचन घेऊन त्रैराशिक मांडणं ही ठरलेली चूक आहे. प्रत्येक नमुन्याच्या चार नळ्या करा: समजा २५, ५०, १०० आणि २०० मायक्रोलिटर. आलेख काढा आणि ५० टक्क्यांची रेघ तो कुठे छेदते ते वाचा. ती ७५ मायक्रोलिटरला छेदली तर एक मिली अर्कात १००० भागिले ७५, म्हणजे १३.३ युनिट.

उकळलेल्या अर्काची नळी इथे हवीच. अर्क दहा मिनिटं उकळा, थंड करा, फिरवा आणि चाचणीत घाला. तरीही निळेपण बरंच अडलं, तर ते एसओडीचं काम नाही, अर्कातली फिनॉलं वा तशी छोटी रेणूमंडळी आहेत.

कुठलं एसओडी वाढलं हे कळलं तर अर्थ आणखी उलगडतो. सायनाइड तांबं-जस्तवाल्याला थांबवतं. पेरॉक्साइड तांबं-जस्तवाल्याला आणि लोहवाल्याला थांबवतं. मँगेनीजवालं दोन्हींना दाद देत नाही. प्रथिनं न उसवता चालवलेल्या जेलवर ही परीक्षा केली की पट्टे वेगळे ओळखता येतात. मँगेनीजवालं वाढलं तर तंतुकणिकांकडे बघा, लोहवालं वाढलं तर हरितलवकाकडे. सायनाइड हे जहाल विष आहे. प्रशिक्षित माणूस आणि धूरकपाट नसेल तर त्या वाटेला जाऊ नका, पेरॉक्साइडच्या एकट्या परीक्षेवरही मँगेनीजवालं वेगळं काढता येतं.

जीआर ३४० नॅनोमीटरवर एनएडीपीएच घटताना मोजतात, गुणांक ६.२. ग्वायकॉल पेरॉक्सिडेज ४७० वर, गुणांक २६.६. ही दुसरी चाचणी सोपी आणि स्वस्त, म्हणून सगळे करतात. पण ही पेरॉक्सिडेजेस पेशीभित्तिका कडक करण्यासारखी कामंही करतात, तेव्हा ती वाढली म्हणजे संरक्षण वाढलं असं बेधडक म्हणता येत नाही. मी तिच्यावर फार भिस्त ठेवत नाही.

पायरी सहावी: हिशेब

एक एपीएक्सचं उदाहरण सोडवू. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. नमुन्याचा उतार मिनिटाला ०.०६२, ब्लँकचा ०.००६, उरला ०.०५६. भागिले २.८, म्हणजे मिनिटाला ०.०२ मिलिमोलर. चाचणीचं एकूण प्रमाण ३ मिली, म्हणून मिनिटाला ०.०६ मायक्रोमोल. हे ०.१ मिली अर्काचं काम, म्हणजे एक मिली अर्काचं ०.६. एकूण अर्क ५ मिली, म्हणून अर्ध्या ग्रॅम पानाचं ३, एका ग्रॅमचं ६ मायक्रोमोल प्रति मिनिट. अर्कात मिलीला २ मिलिग्रॅम प्रथिनं असतील तर ०.६ भागिले २, म्हणजे दर मिलिग्रॅम प्रथिनामागे ०.३.

पायरी सातवी: भाजक तपासणं

ही पायरी एरवीच्या प्रोटोकॉलमध्ये सापडत नाही, आणि माझ्या मते सगळा खेळ हिच्यावर आहे.

नियंत्रण गटाच्या पानात ८० टक्के पाणी आहे. एका ग्रॅम पानात ०.२ ग्रॅम सुका भाग. ताणगटाच्या पानातलं पाणी ७० टक्क्यांवर आलं. आता एका ग्रॅममध्ये ०.३ ग्रॅम सुका भाग. एन्झाइमचा एक रेणूही वाढलेला नाही, तरी ‘प्रति ग्रॅम ताजं वजन’ क्रियाशीलता दीडपट दिसेल. ५० टक्के वाढ, तारांकित, आणि निव्वळ पाणी उडाल्यामुळे.

मग प्रथिनांनी भागू? तिथे दुसरा खड्डा आहे. पानातल्या विद्राव्य प्रथिनात रुबिस्कोचा वाटा निम्म्यापर्यंत असू शकतो, आणि ताणात रोप रुबिस्को मोडून खातं. प्रथिनं ग्रॅमला २० मिलिग्रॅमवरून १४ वर आली की जैसे थे असलेलं एन्झाइम ४३ टक्क्यांनी वाढल्यासारखं दिसतं.

म्हणून तिन्ही द्या: ताज्या वजनामागे, सुक्या वजनामागे, प्रथिनामागे. तिन्ही एकाच दिशेला गेली तर वाढीवर विश्वास ठेवा. फक्त एकच गेलं तर आधी भाजकाकडे बघा. आणि लक्षात असू द्या की चाचणीत आपण एन्झाइमला पोटभर कच्चा माल देतो. मोजली जाते ती त्याची क्षमता. जिवंत पानात ते प्रत्यक्षात किती काम करत होतं, हे त्यातून कळत नाही.

पायरी आठवी: नुकसान मोजणं

एन्झाइमच्या बरोबरीने नुकसानीचं किमान एक माप हवंच. सोपं माप म्हणजे मॅलोनडायअल्डिहाइड (पेशीपटलातलं मेद मोडताना तयार होणारा पदार्थ), हीथ आणि पॅकर यांच्या १९६८ च्या पद्धतीने. थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर तापवून ५३२ चं वाचन घ्यायचं, ६०० चं वजा करायचं, गुणांक १५५. पान लालसर किंवा गोड असेल तर अँथोसायनिन आणि शर्करा ५३२ ला भर घालतात. अशा वेळी थायोबार्बिट्युरिक आम्लाविना एक जोडनळी चालवून तिचं वाचनही वजा करा. जोडीला पानाच्या चकत्यांतून पाण्यात झिरपणारे क्षार विद्युतवाहकतेवर मोजले तर फारच छान, त्याला कसलंही महाग रसायन लागत नाही.

आता आकडे शेजारी मांडून वाचा

एसओडी वाढलं, पण कॅटॅलेज आणि एपीएक्स जागचे हलले नाहीत: पेरॉक्साइड साचत असणार. पेरॉक्साइड दाखवणाऱ्या डीएबी या रसायनाने पान रंगवून बघा, तपकिरी डाग दिसतील. याला सहनशीलता म्हणू नका.

सगळी एन्झाइम्स वाढली आणि मॅलोनडायअल्डिहाइडही वाढलं: रोप झगडतंय, पण पुरं पडत नाही. संवेदनशील वाणांत हे चित्र बऱ्याचदा दिसतं आणि नेमकं हेच ‘वाढ झाली’ म्हणून सहनशीलतेच्या खात्यात जमा होतं.

एन्झाइम्स फारशी हलली नाहीत आणि नुकसानही नाही: पहिला प्रश्न, ताण पेशीपर्यंत पोहोचला होता का? सापेक्ष जलप्रमाण बघा. ते खाली आलेलं असेल आणि तरीही नुकसान नसेल, तर नियंत्रण गटातली मूळ पातळी दुसऱ्या वाणाशी ताडून पाहा. काही सहनशील वाणांची तयारी आधीपासूनच असते, त्यांना ऐनवेळी धावपळ करावी लागत नाही. टक्केवारीतली वाढ छापली की असा वाण यादीत तळाला जातो. म्हणून टक्केवारीसोबत मूळ आकडे छापा.

एपीएक्स चढलं, जीआर चढलं नाही: अ‍ॅस्कॉर्बेट वापरलं जातंय, भरून निघतंय की नाही याची शंका घ्या. जमलं तर अ‍ॅस्कॉर्बेट आणि त्याचं ऑक्सिडाइझ झालेलं रूप यांचं गुणोत्तर मोजा.

आणि कॅटॅलेज घटलं, जे थंडीत किंवा क्षारांच्या ताणात उजेडातल्या पानांत पुष्कळदा दिसतं: घाबरून नमुना फेकू नका. प्रकाशात खराब होणारं हे एन्झाइम ताणात नव्याने बनवणं मंदावलं की त्याची पातळी उतरते. अशा वेळी त्याच पुडीतल्या एपीएक्सचा आकडा आणि मॅलोनडायअल्डिहाइड बघा. एपीएक्स चढलेलं आणि नुकसान जागच्या जागी असेल, तर रोपाने काम दुसऱ्या टेबलाकडे सोपवलं आहे. पुन्हा पाणी दिल्यावर किंवा ऊब मिळाल्यावर कॅटॅलेज वर येतं का, हे सावरतानाच्या नमुन्यात दिसेल. तो नमुना घेतला असेल तर.